क्रॉसिंगला जेवू द्या : दिवा–सावंतवाडी गाडीबद्दल रेल्वेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, रेल्वे मंडळ, नवी दिल्ली
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, कोकण रेल्वे महामंडळ, नवी मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. एकच पत्र तिघांना लिहितोय, कारण ही गाडीच तिघांची आहे. दिव्याहून सुटते ती मध्य रेल्वेच्या रुळांवरून, रोहा ओलांडल्यावर ती कोकण रेल्वेची होते, आणि कुठल्या प्रकारचे डबे किती बनवायचे, कुणाला किती द्यायचे, हे दिल्लीत ठरतं. प्रवासी तिघांपैकी कुणाकडेही गेला तरी त्याला उरलेल्या दोघांचा पत्ता मिळतो. म्हणून या वेळी पत्ते आधीच लिहून टाकले.

दिवा–सावंतवाडीला कोविडनंतर कागदोपत्री ‘एक्स्प्रेस’ केलं गेलं. लोक तिला अजून पॅसेंजरच म्हणतात आणि ती वागतेही तशीच. सकाळी दिव्याहून निघते, सावंतवाडीला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. एवढ्या वेळात तिच्यात फक्त मुंबईचा चाकरमानी बसलेला नसतो. सावर्ड्याहून रत्नागिरीच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी असते, खेड-चिपळूण करणारी कॉलेजची पोरं असतात, माणगावला लग्नाला निघालेलं अख्खं बिऱ्हाड असतं, आणि वैभववाडीला उतरून पुढे एसटीने गावात जाणारी माणसं असतात. यांतल्या बहुतेकांना दुसरी गाडी नाही. मोठ्या गाड्या त्यांच्या स्टेशनांवर थांबत नाहीत, आणि जिथे थांबतात तिथलं आरक्षण कधीच भरून गेलेलं असतं.

या गाडीत खाण्यापिण्याची काहीही सोय नाही. पँट्री, म्हणजे गाडीतलं स्वयंपाकघर, नाही, चहाची किटली घेऊन फिरणारा अधिकृत माणूस क्वचित दिसतो, आणि बहुतेक स्टेशनांवर गाडी थांबते ती मिनिट-दोन मिनिटं. दिवसभराचा प्रवास आहे, त्यात दुपारचं जेवण येतं, हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण ते कुणाचं काम आहे, हे ठरलेलं नाही.

तुलनेसाठी घाटापलीकडची डेक्कन क्वीन घ्या. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी १९२ किलोमीटर जाते, सव्वातीन तासांत. तिच्यात टेबलाशी बसून कटलेट-ऑम्लेट खायची डायनिंग कार आजही जपली आहे. २०२२ च्या जूनमध्ये गाडीला नवे एलएचबी डबे आले तेव्हा डायनिंग कार काढून टाकली नाही, उलट तिच्यातल्या खुर्च्या ३२ च्या ४० झाल्या. चांगलंच झालं. पुणेकरांचं कटलेट काढून घ्या असं मी म्हणत नाही. सव्वातीन तासांच्या गाडीत जेवायचं टेबल आणि दिवसभराच्या गाडीत प्यायच्या पाण्याचीही मारामार, एवढंच शेजारीशेजारी ठेवून बघा म्हणतो. आमच्याच रुळांवरची मांडवी एक्स्प्रेस घ्या. तिच्या पँट्रीचं कौतुक रेल्वेचे शौकीन देशभर करतात. वंदे भारत जून २०२३ पासून मडगावला जाते, तिच्यात जेवण जागेवर येतं. म्हणजे कोकणच्या मार्गावर खायला घालणं रेल्वेला जमतं.

आता पँट्री कारची मागणी येणार, असं वाटलं असेल. ती मी करत नाही. जे प्रवासी ही मागणी करतात त्यांचा राग समजतो, पण मागणी चुकीची आहे.

पँट्री कार जोडायची तर गाडीच्या लांबीतला एक डबा जातो. एलएचबी जनरल डब्यात १०० माणसं बसतात, जुन्या आयसीएफ डब्यात ९०. बसतात हे कागदावर. प्रत्यक्षात किती उभी असतात हे मे महिन्यात दिव्याच्या फलाटावर येऊन मोजा. त्या शंभर जागा घालवून स्वयंपाकघर आणलं तरी त्यातला माल प्रवाशापर्यंत पोचणार कसा? मधल्या वाटेत माणसं बसलेली, दाराशी बोचकी, शौचालयाच्या बोळात पोरंबाळं. जुन्या जनरल डब्यांना तर एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाटच नसते. मधोमध पँट्री आणि टोकाच्या डब्यात उपाशी माणसं, असं व्हायचं. जेवणाचा प्रश्न इथे गर्दीच्या प्रश्नाच्या पोटातच आहे. माणूस हलू शकत नाही तिथे चहावालाही हलू शकत नाही.

आणखी एक गोष्ट याच पोटात आहे, पण ती तक्रारवहीत कुणी लिहीत नाही. या गाडीतल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी प्यायलं तर शौचालयापर्यंत जावं लागेल, आणि तिथवर जायचं म्हणजे वीसपंचवीस माणसांच्या अंगावरून जायचं, परत आल्यावर जागा राहिलेली नसणार. घशाला कोरड पडली तरी चालेल, असा हिशेब करून त्या घरून निघतात. गरोदर बाई, साखरेचा आजार असलेली बाई, लहान पोर कडेवर असलेली बाई, सगळ्यांचा हिशेब हाच. वैशाखात, पंखा चालेल न चालेल अशा डब्यात. त्यामुळे ‘गाडीत रेल नीरच्या पाण्याच्या बाटल्या उपलब्ध करून देऊ’ एवढ्यावर हा विषय मिटत नाही.

ई-केटरिंग आहे की, असं उत्तर येईल. मोबाइलवरून जेवण मागवा, जागेवर येईल. पण त्याला पीएनआर, म्हणजे आरक्षणाच्या तिकिटावरचा क्रमांक, लागतो. ही गाडी जवळजवळ सगळी अनारक्षित. जनरलच्या तिकिटाला पीएनआर नसतो, म्हणून त्या माणसाला जेवण मागवता येत नाही. ज्याच्याकडे आरक्षण आहे त्याला खाण्याची सोय, आणि जो दाराच्या दांड्याला धरून उभा आहे त्याला नाही, असा हा प्रकार मुद्दाम कुणी केला नसेल, पण झालाय तसा.

मात्र तुमच्याच एका योजनेत याचं निम्मं उत्तर आहे आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. २०२३ च्या जुलैपासून काही स्टेशनांवर जनरल डब्यांच्या समोर फलाटावर टेबल लावून स्वस्त खाणं विकायला सुरुवात झाली. २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. ५० रुपयांत थोडं भरपेट काही. ज्याने हे सुचवलं त्याने कधीतरी जनरलने प्रवास केलेला असणार. जेवण प्रवाशाच्या समोर नेऊन ठेवायचं, त्याला शोधायला लावायचं नाही, हे तत्त्व अगदी बरोबर आहे. अडचण एकच. दोन मिनिटांच्या थांब्यात हे होत नाही.

आणि थांबा तर आमच्या गाडीकडे भरपूर आहे. फक्त तो भलतीकडे आहे.

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे एकच रूळ. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनातल्या लूपवर बाजूला उभं राहायचं, आणि मागून मोठी गाडी येत असेल तरीही उभं राहायचं. बाजूला कोण होणार हे ठरलेलंच असतं. राजधानी, तेजस, वंदे भारत, मेल, एक्स्प्रेस, सगळ्यांना वाट देत आमची गाडी सावंतवाडीपर्यंत जाते. क्रॉसिंगला कधी दहा मिनिटं, कधी वीस, कधी त्याहून बरीच जास्त. कुठे? तर करंजाडीला, विन्हेऱ्याला, दिवाणखवटीला, अंजणीला, आरवलीला, उक्षीला. जिथे चारी बाजूंना डोंगर, स्टेशन मास्तर, एक बाकडं आणि फार तर एक नळ. माणसं खाली उतरतात, रुळांकडे बघत उभी राहतात, कुणीतरी ‘राजधानी येतेय’ अशी बातमी आणतं. पोटात कावळे, हातात पैसे, गाडी वीस मिनिटं जागची हलत नाही, आणि विकायला कुणी नाही. चिपळूणला सगळं मिळतं, तर तिथे गाडी धड थांबत नाही.

माझी मागणी इथे आहे. या गाडीचं एक मोठं क्रॉसिंग जेवणाच्या वेळी, जेवण मिळेल अशा स्टेशनावर, फलाट असलेल्या मार्गिकेवर बसवा. सावंतवाडीकडे जाताना चिपळूण, परत येताना रत्नागिरी. पंधरा मिनिटं, आणि ती वेळापत्रकात छापलेली हवीत. गाडी एरवी उभी राहतेच, तीच मिनिटं उचलून इथे आणायची.

हे कुणाच्या डोक्यातून आलेलं नवं खूळ नाही. डब्यात स्वयंपाकघर येण्याच्या आधी, आणि नंतरही कित्येक वर्षं, या देशात गाड्या जेवणासाठी थांबत. जंक्शनांवरच्या रिफ्रेशमेंट रूम त्यासाठीच होत्या. आणि मराठी माणसाला तर कर्जतचं उदाहरण पुरे. बोरघाट चढायला मागून बँकर इंजिन जोडायचं म्हणून पुण्याकडच्या गाड्या कर्जतला उभ्या राहू लागल्या. ते थांबणं रेल्वेच्या कामासाठी होतं, प्रवाशांसाठी नव्हतं. पण तेवढ्या मिनिटांत वडा आला. आज कर्जत म्हटलं की बँकर कुणाला आठवत नाही. इंजिन जोडायच्या वेळात एवढं होऊ शकलं, तर क्रॉसिंगच्या वेळात का होऊ नये?

पंधरा मिनिटांत गाडीभर माणसांना खायला कसं मिळणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर हिशेबाने द्यायला हवं. एका टेबलावरून एका गिऱ्हाइकाला पंधरा सेकंद लागतात असं धरू. पुडा तयार, पैसे सुटे किंवा मोबाइलवरून. मिनिटाला चार, पंधरा मिनिटांत साठ. दहा टेबलं लावली तर सहाशे पुडे. बाकीच्यांकडे घरचा डबा असतो, काही मधेच उतरणारे असतात. म्हणजे एका स्टॉलने भागणार नाही, आणि फलाटाच्या मध्यभागी असलेल्या उपाहारगृहाने तर मुळीच नाही. साधारण दर दीड-दोन डब्यांमागे एक टेबल, आणि प्रत्येक टेबलामागे दोन माणसं. एक टेबलाशी, दुसरा टोपली घेऊन खिडक्यांशी. हा दुसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. आत खिडकीशी बसलेली बाई जागेच्या भीतीने उतरणारच नाही. तिच्या हातात गजांमधून जाईल एवढाच पुडा हवा.

त्यामुळे काय विकायचं हेही आपोआप ठरतं. रस्सा नको, ताट नको, पत्रावळ नको. एका हाताने, उभ्याने, शेजाऱ्याच्या सदऱ्यावर न सांडता खाता आलं पाहिजे. घावन आणि सुकी चटणी. चपातीत गुंडाळलेली बटाट्याची किंवा फणसाची भाजी. थालीपीठ. दडपे पोहे कागदाच्या द्रोणात. उकडलेली अंडी. वडापाव आहेच, त्याला कुणी विचारायची गरज नाही. कोकम सरबत छोट्या बाटलीत. सोलकढीचा मोह होईल, पण उन्हात नारळाचं दूध टिकत नाही, ती राहू द्या. पुरी-भाजी सगळ्या देशाला एकच कशासाठी? वजन आणि किंमत दिल्लीने ठरवावी, पदार्थ चिपळूणला ठरू द्यावा. स्टेशनवरच्या साध्या शाकाहारी जेवणाचा दर २०१९ च्या दरपत्रकात ७० रुपये आहे. आमच्या गाडीतल्या माणसाला ३० ते ५० रुपयांत पोटभर काही मिळालं तर तो घेईल, त्यावर गेलं तर तो बिस्किटाचा पुडा घेईल.

करणार कोण? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गावागावात महिला बचत गट आहेत. ‘उमेद’ आणि महिला आर्थिक विकास महामंडळ त्यांच्या मागे उभी आहेत. जत्रेत, सरकारी प्रदर्शनात या बायका शेकडो माणसांचं जेवण करतात. तुमची ‘एक स्थानक, एक उत्पादन’ ही योजना २०२२ पासून चालू आहे, तिच्यात काजू आणि कोकमाची पाकिटं मांडता, मग ताजं घावन का नाही? अन्नसुरक्षेची नोंदणी सक्तीची ठेवा, तपासणी कडक ठेवा, पण परवाना वर्षाच्या बोलीने एकाच मोठ्या ठेकेदाराला देऊ नका. एक गाडी, दहा टेबलं, दिवसाचा तासभर धंदा. मोठ्या ठेकेदाराला ते परवडत नाही, म्हणून तो दर वाढवतो किंवा माल उतरवतो. गावातल्या गटाला तेवढा धंदा पुरतो.

याच्याशी जोडूनच एक सांगायचंय. आज या गाडीत प्रवाशाला खायला जे थोडंफार मिळतं ते विनापरवाना विकणाऱ्यांकडून मिळतं. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, फणसाचे गरे, पावसाळ्यात काकड्या आणि उकडलेल्या शेंगा घेऊन बायका एका स्टेशनावर चढतात आणि दोन स्टेशनं सोडून उतरतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे हा गुन्हा आहे, आणि अधूनमधून मोहीम काढून त्यांना पकडलंही जातं. कायदा कशासाठी आहे हे मान्य. कुठलंही पाणी कुठल्याही बाटलीत भरून विकणारेही गाडीत चढतात. पण डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेली बाई आणि तो बाटलीवाला यांना एकाच मापाने मोजू नका. तिला ओळखपत्र द्या, फलाटावर जागा द्या, चालत्या गाडीत चढायची वेळच आणू नका. ती आजवर तुमचंच काम फुकट करत आली आहे.

आता डब्यांकडे येतो. कारण टेबलं लावूनही मधली वाट बंदच राहिली तर पाण्याचा आणि शौचालयाचा प्रश्न जागच्या जागी राहील.

रेल्वेत मागणी मोजायची पद्धत आहे ती वेटिंग लिस्टची. अमुक गाडीला चारशे वेटिंग, म्हणून विशेष गाडी सोडली, अशा बातम्या आपण वाचतो. जनरलच्या तिकिटाला वेटिंग नसतं, कारण त्याला मर्यादाच नसते. जागा शंभर असोत की हजार, खिडकीवर येईल त्याला तिकीट मिळतं. तेव्हा ज्या गाडीत सगळ्यात जास्त माणसं उभी असतात, तिची मागणी कागदावर दिसतच नाही. पण आकडे तुमच्याकडे आहेत. दोनशे किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने, प्रवास सुरू करावा लागतो. म्हणजे सकाळी कुठल्या स्टेशनवरून किती वाजता कुठली तिकिटं गेली, यावरून या गाडीत कुणीकडची किती माणसं चढली ते जवळजवळ नक्की सांगता येईल. ते महिन्यागणिक जाहीर करा. पनवेलला किती, रोह्याला किती, माणगावला किती. आकडे बाहेर आले की किती डबे हवेत यावर वाद घालायची वेळच येणार नाही.

माझा अंदाज असा की निम्मी गर्दी जवळच्यांची निघेल. पनवेल, पेण, रोहा, माणगाव, खेड, चिपळूण. या माणसांना सावंतवाडीच्या गाडीत बसायची हौस नाही, त्यांना दुसरं काही मिळत नाही म्हणून ती येतात. गणपतीत तुम्ही दिवा ते चिपळूण मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवरची गाडी, सोडता. ती भरून जाते. मग दिवाळी, शिमगा, मे महिना आणि उरलेल्या वर्षात चिपळूणला माणसं राहत नाहीत का? दिवा–रोहा मेमू रोजच धावते. तिच्या फेऱ्यांपैकी सकाळची एक चिपळूणपर्यंत वाढवा, आणि ती सावंतवाडी गाडीच्या थोडी पुढे सोडा. २०२२ पासून कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर आहे, त्यामुळे तारेची सबब उरलेली नाही. मेमू चटकन वेग घेते, चटकन थांबते. दर स्टेशनावर थांबूनही एकेरी रूळ ती कमी अडवते. जवळची माणसं तिने गेली की लांबच्यांना बसायला मिळेल, मधली वाट मोकळी होईल, आणि मग रेल नीरची बाटली विकत घ्यायची बाईला भीती वाटणार नाही.

दादरचंही सांगून टाकतो, थोडक्यात. दादर–रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यालाच अडली. लोकलच्या वेळा सांभाळायच्या असतात, हे आम्हालाही कळतं. पण म्हाताऱ्या माणसांनी बोचकी घेऊन लोकलने दिव्याला यायचं, जिना चढायचा, उतरायचा आणि मग जागेसाठी धावायचं, यात लोकलवरचा ताण कमी कसा होतो ते कुणीतरी समजावून सांगावं. माणसं तीच, फक्त दोनदा मोजली जातात. दादर शक्य नसेल तर निदान दिव्याला गाडी सुटायच्या अर्धा तास आधी फलाटाला लावा आणि दारं उघडा. धावपळ निम्मी होईल.

एकेरी रुळावर आणखी गाडी बसवायला वाट नाही, हे उत्तर आम्हाला तोंडपाठ आहे. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण २०२५ च्या गणपतीत मोटारी वाहून न्यायला कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू झाली, एका मोटारीला ७,८७५ रुपये घेऊन. तेव्हा वाट सापडली. मोटारवाल्यांची सोय झाली याचं वाईट वाटत नाही. महामार्गाची दशा बघता त्यांचीही दयाच येते. फक्त जी वाट चाळीस मोटारींसाठी निघू शकते, ती हजार माणसांच्या मेमूसाठी रोज निघावी. आणि दुहेरीकरण. कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ असल्यामुळे पैसा उभा राहत नाही, असं वर्षानुवर्षं ऐकलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. जेवणाची टेबलं लावायला विलीनीकरण लागत नाही.

तुमच्या ऑपरेटिंग विभागाची हरकत मला ऐकू येते : क्रॉसिंग आधी ठरवून ठेवता येत नाही, समोरची गाडी उशिरा आली की सगळं बदलतं. बरोबर. म्हणूनच मी क्रॉसिंग तिथेच व्हावं असं म्हणत नाही, थांबा तिथे छापा म्हणतो. समोरची वेळेवर आली तर ती पंधरा मिनिटं क्रॉसिंगला वापरली जातील. उशिरा आली तर गाडी पंधरा मिनिटांनी सुटेल आणि पुढच्या स्टेशनात उभी राहील, जशी आजही राहते. तोटा कुणाचाच नाही. पावसाळ्यात वेग उतरतो, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेळापत्रकच बदलतं, तेव्हा जेवणाचं स्टेशनही बदलावं लागेल. दोन तक्ते करावे लागतील. ते काम तुमच्याकडचा एखादा हुशार सेक्शन कंट्रोलर एका दुपारी करून देईल. आणि उद्घोषणा. ‘ही गाडी जेवणासाठी पंधरा मिनिटं थांबेल, सुटण्याच्या तीन मिनिटं आधी भोंगा होईल,’ एवढं मराठीत सांगितलं की माणसं निर्धास्त खाली उतरतील. आज उतरत नाहीत, कारण गाडी कधी सुटेल ते गार्डलाही ठाऊक नसतं.

कचऱ्याचं म्हणाल तर टेबलामागे डबा ठेवायची आणि गाडी गेल्यावर आपल्या समोरचा फलाट झाडायची अट परवान्यातच घाला. आपला फलाट घाण असला तर उद्या टेबल मिळणार नाही, हे कळलं की कुणीही झाडतं.

दिवाळीनंतर पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं आणि शिमग्याची गर्दी लांब असते. त्या दिवसांत एक महिना ही गोष्ट करून बघा. चिपळूण आणि रत्नागिरी, दोनच स्टेशनं. जाताना एक थांबा, येताना एक. प्रत्येकी दहा टेबलं, भाडं महिनाभर माफ. त्याच महिन्यात सकाळची मेमू चिपळूणपर्यंत. तिकिटांचे आकडे, विकलेल्या पुड्यांचे आकडे आणि गाडीला झालेला उशीर, तिन्ही फलाटावर फळ्यावर लिहा. महिनाभराने उशीर वाढलेला दिसला तर टेबलं उचला, आम्ही तक्रार करणार नाही.

या पत्राला पोच नको. पुढच्या वेळापत्रकात चिपळूणपुढे येण्याची आणि सुटण्याची अशा दोन वेगळ्या वेळा छापलेल्या दिसल्या, आणि त्यांत पंधरा मिनिटांचं अंतर असलं, की पत्र पोचलं असं समजू.

आपला,
दिवा–सावंतवाडी गाडीचा एक प्रवासी